कच्च्या भिंतीचा कागद

दोन हजार अठरा साल. मला सदुसष्टावं लागलं होतं. शाळा तिसरीपर्यंत, पण दगडी भिंत बांधण्यात माझा हात धरणारा कर्जत-खालापुरात कोणी नव्हता. ही फुशारकी वाटली तर वाटू दे. कर्जतच्या नाक्यावर सकाळी माणसाचं नाव कोणी विचारत नाही, हातातलं हत्यार बघतात. थापी असली की गवंडी, फावडं असलं की बिगारी. चाळीस वर्षं मी थापी घेऊन उभा राहिलो.

लोधिवलीजवळ एका शेठच्या फार्महाऊसला कुंपणाची भिंत बांधली. हाताखाली कातकरवाडीतल्या चार बाया. त्यांना मीच शब्द देऊन आणलं होतं. भिंत पुरी झाली आणि शेठचा फोन बंद. दोन महिन्यांची मजुरी अडकली. हेलपाटे घालून थकलो तेव्हा सरकारी कामगार अधिकारी साहेबांकडे अर्ज दिला. त्यांनी आम्हाला आणि शेठला तडजोडीला बोलावलं.

शेठ म्हणाला, "निम्मे आत्ता रोख देतो. नाहीतर कोर्टात भेटू."

पण निम्मेच का, याचं कारण कागदावर हवं. शेठने सांगितलं, साहेबांनी लिहिलं: भिंतीचं काम कच्चं, म्हणून कपात.

मी उठलोच. "ओळंबा लावा. सूतभर कलली असली तर एक पैसा नको."

"बाबा, तपासणी म्हणजे केस पुढे जाणार," साहेब म्हणाले. "दोनेक वर्षं धरा."

"मग माझा वाटा राहू द्या. बायांचे निम्मे द्या, पण ती ओळ खोडा."

शेठ हसला. "ओळ खोडली तर पुरे द्यावे लागतील ना, बाबा."

बायांमधली थोरली माझ्या मागे उभी होती. "तुमी बसा भिंतीला कुरवाळत," ती म्हणाली. "तुमच्या शब्दावर आमी वीटभट्टीची आगाऊ उचल सोडली. आता दुकानदार उधारीवर मीठ पन देत नाय."

"दोन वर्षं थांबशील का गं?"

"तुमी थांबा. तुमचं पोट भरल्यालं दिसतंय."

बाकीच्या फिसकन हसल्या. मी नाही हसलो.

साहेबांनी शाईचा पॅड पुढे सरकवला. मी म्हणालो, "मला सही येते." त्या ओळीच्या खाली पुरं नाव लिहिलं, एकही वेलांटी न चुकता. बायांनी अंगठे दिले, पैसे मोजून घेतले. माझा वाटा मी थोरलीच्या हातात ठेवला. तिने नको म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी थापी घरी ठेवली आणि फावडं घेऊन नाक्यावर उभा राहिलो.