जोमाच्या ट्रॅक्टरची हजेरी

गेल्या महिन्यात एका दुपारी कुलाबा जिल्ह्याच्या वार्तांचा लिफाफा नेहमीप्रमाणे वर्तमानपत्राच्या कचेरीत माझ्या टेबलावर आला. आत सहा बातम्या होत्या. चौथी अशी होती : ‘प्रगतिशील शेतकरी व गावाचे लाडके सुपुत्र जोमा म्हात्रे यांचे निधन. आपल्या ट्रॅक्टरने त्यांनी गावाची अखंड सेवा केली. सारा गाव शोकसागरात बुडाला आहे.’ जागा तीन ओळींची होती. मी निळी पेन्सिल घेऊन सवयीने ‘लाडके’ खोडले, ‘सुपुत्र’ खोडले, शोकसागर खोडला, आणि मागे वळून नावापाशी आलो तेव्हा हात थांबला… जोमा आणि मी चौथीपर्यंत एका बाकावर बसलो होतो. त्याला जाऊन नऊ दिवस झाले होते आणि गावातल्या एकालाही मला पोस्टकार्ड टाकावेसे वाटले नव्हते. बातमी तीन ओळींत छापली. जे खोडले ते सगळे खोटे होते, हे त्या संध्याकाळी मला ठाऊक होते. गावालाही ते ठाऊक आहे.

आमचे गाव धरमतरच्या खाडीवर आहे. समुद्राचे पाणी मातीच्या बांधाने अडवून आत भात पिकवायचे, ही तिथली शेती. स्वातंत्र्यानंतर दोन-तीन वर्षांनी जोमाने बायकोच्या अंगावरचे सोने आणि बैलांची जोडी विकून कल्याणच्या बाजूला लष्कराच्या टाकाऊ सामानाच्या लिलावातून एक ट्रॅक्टर आणला. लढाईच्याही आधी कधीतरी परदेशात बनलेला, लोखंडी चाकांचा, पत्र्याची सीट असलेला. पुढच्या पत्र्यावर कंपनीचे नाव होते, त्यातली दोन अक्षरे शिल्लक होती. जोमाला इंग्रजी येत नव्हते आणि ते नाव काय असेल हे त्याने कधी कोणाला विचारले नाही. धरमतरच्या धक्क्यावरून गावापर्यंत तो आणायला त्याला चार दिवस लागले. बघणाऱ्यांत मीही होतो. काशिनाथ पाटील, जो तेव्हा गावकीचा पंच होता, मोठ्याने म्हणाला, “जोमा, बैल इकून तवा आनलास रं! भाकऱ्या भाजतोस काय याच्यावर?” सगळे हसले. जोमाही हसला. त्याने ट्रॅक्टर अंगणातल्या शेवग्याखाली उभा केला आणि पुढे अठरा वर्षे काम नसले की तो तिथेच उभा असे.

त्या यंत्राची जोमाने जी निगा राखली ती मी दुसऱ्या कुठल्या यंत्राची राखलेली पाहिली नाही, आणि कामानिमित्त मी बरेच कारखाने पाहिले आहेत. खारा वारा लोखंड खातो, म्हणून होड्यांना लावतात ते मुशी माशाचे तेल तो दर आठवड्याला फडक्याने सगळ्या अंगाला चोळी. त्या वासाने गावातली कुत्री ट्रॅक्टरमागे चालत. ठिणगी पाडणारा मॅग्नेटो पावसाळ्यात दमट होतो, म्हणून आषाढ लागला की तो उतरवून फडक्यात गुंडाळून भाताच्या कणगीत पुरून ठेवी. खाजणाच्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या, चिखलात चाके रुतत, म्हणून त्याने त्यांना ऐनाच्या लाकडाच्या रुंद फळ्या बोल्टांनी जोडल्या. चालू करताना हँडल तो मारी आणि मथुरा, त्याची बायको, इंधनाच्या तोटीपाशी उभी राही. आधी पेट्रोलवर चालवायचा, इंजिन तापले की तिने तोटी फिरवून रॉकेल सुरू करायचे. किती तापले हे ती पत्र्याला हाताची मागची बाजू लावून ठरवी. मला त्याने एकदा हँडल मारायला दिले, तेव्हा आधी माझा अंगठा धरून बोटांच्या बाजूला आणून ठेवला. “मुठीत धरू नको. उलटा फिरला तं अंगठा मोडंल. त्याला राग आला की त्याला वाट द्यायची.” पुढे अलिबागच्या प्रदर्शनात रबरी टायरचे नवे, रंगीत ट्रॅक्टर आले, तेव्हा मी त्याला घेऊन गेलो. तो एका ट्रॅक्टरवर बसला, उतरला, म्हणाला, “गादी बरी हाय. पन याचं सगलं झाकलेलं. आजारी पडला तं कलायचं कसं?”

आता गावाविषयी. बांध सगळ्यांचा, म्हणून दर फाल्गुनात प्रत्येक घरातून एक माणूस आठ दिवस बांधावर जायचा, चिखलाचे ढेकूळ हातोहात पुढे द्यायचा, आणि बांध उंच व्हायचा. कोण आले, कोण नाही याची खूण मारुतीच्या देवळाच्या आतल्या भिंतीवर असे : एका घराची एक ओळ, एका वर्षाची गेरूची एक रेघ. ट्रॅक्टर आणल्यावर काही वर्षांनी, तो पुरता हाताखाली आल्यावर, जोमाने त्याच्यामागे एक जाड फळी बांधली आणि चिखल ओढून बांधाच्या पायथ्याशी आणून टाकायला सुरुवात केली. त्या वर्षी आठ दिवसांचे काम तीन दिवसांत झाले. संध्याकाळी पंच रेघा मारायला बसले आणि जोमाच्या घराची जागा मोकळी सोडून पुढे गेले.

“माझी रेघ?” जोमाने विचारले.

“तुझे हात कुठं लागले मातीला?” काशिनाथ म्हणाला. “तू सीटवर बसला होतास. टॅक्टरला घर न्हाय, आनि घराला टॅक्टरची हजेरी न्हाय.”

जोमाला हे हास्यास्पद वाटले, आणि ते हास्यास्पदच होते. दुसऱ्या वर्षी त्याने पुन्हा ट्रॅक्टर नेला. पुन्हा रेघ नाही. ट्रॅक्टरने आणलेला चिखल मात्र दोन्ही वर्षी बांधाला चालला. तिसऱ्या वर्षी तो पुन्हा गेला, आणि या वेळी रेघ नाकारून पंच थांबले नाहीत. तीन वर्षे गैरहजर म्हणून त्याचे घर वाळीत टाकले. त्याच्याशी बोलायचे नाही, त्याच्याकडून विस्तव घ्यायचा नाही, त्याला द्यायचा नाही, लग्नात नाही, मर्तिकात नाही. बांध उंच करणाऱ्या माणसाला बांधावर आला नाही म्हणून शिक्षा झाली. ठराव एकमताने झाला. माझे वडील त्या बैठकीत होते.

त्याच पावसाळ्याच्या तोंडाशी जोमाची आई वारली. खांदा द्यायला चार माणसे लागतात. घरात एक होता. शेजारच्या घरांची दारे लावलेली होती, आणि लावलेल्या दारांमागे माणसे उभी होती, हे त्यांच्यातल्याच एकाने मला नंतर सांगितले. जोमाने ट्रॅक्टरमागे चिखल ओढायची ती फळी धुतली, तिच्यावर आईला ठेवले, वर लाकडे रचली, आणि पहिल्या गिअरमध्ये स्मशानापर्यंत नेले. आमच्याकडे बायका स्मशानात जात नाहीत. मथुरा गेली, कारण ओढताना फळी तिरकी होत होती आणि सासूला धरायला दुसरे कोणी नव्हते…

त्याच वर्षी श्रावणात, अमावास्येच्या भरतीला, सकाळी बांध फुटला. फुटलेल्या भगदाडाला आम्ही खांड म्हणतो. ओहोटी लागून पुढची भरती लागेपर्यंत सहा तास मिळतात. तेवढ्यात खांड बुजली नाही, तर खारे पाणी भातात बसते आणि ती जमीन पुढची तीन वर्षे पिकत नाही. किनाऱ्यावर एक मोडका मचवा, मालाची मोठी होडी, पडून होता. तो ओढून खांडीच्या तोंडात आडवा घालायचा आणि दगडांनी भरायचा, हा एकच उपाय होता. बैलांना चिखलात तो हलेना. तेव्हा काशिनाथ जोमाच्या अंगणात आला. जोमाशी बोलायची बंदी त्यानेच घातलेली. म्हणून तो शेवग्यासमोर उभा राहिला आणि झाडाला म्हणाला, “शेवग्या, या घरात कोन असंल तं त्याला सांग. खांड पडली हाय. मचवा हालत न्हाय.”

जोमा ओटीवर बसला होता. तोही झाडाकडे बघत म्हणाला, “शेवग्या, त्यांना इचार. हातच लागतील, का चाकं चालतील?”

मथुरा सांगते, काशिनाथने वळून बांधाच्या दिशेने पाहिले. मग म्हणाला, “चाकं चालतील.”

कणगीतून मॅग्नेटो निघाला. मचवा ओढताना ट्रॅक्टर आसापर्यंत खाऱ्या पाण्यात होता, आणि ते पाणी इंजिनात गेले. खांड बुजली. गावाची जमीन वाचली. ट्रॅक्टर दुसऱ्या दिवसापासून बंद पडला, आणि तो पुन्हा सुरू करायला जोमाला सोळा महिने लागले. एकेक भाग सुटा करून गोड्या पाण्यात धुवायचा, तेलात बुडवायचा, झिजला असेल तर पेणच्या लोहाराकडून घडवून आणायचा. मदतीला कोणी आले नाही. बहिष्कार उठला असेही कोणी जाहीर केले नाही. एके दिवशी काशिनाथ झाडाऐवजी जोमाकडे बघून बोलला, एवढेच. पुढच्या फाल्गुनापासून त्याच्या घराची रेघ पडू लागली, देवळातल्या आधीच्या तीन रेघांच्या जागा मात्र तशाच मोकळ्या राहिल्या.

इथे माझे काम येते. बांध फुटल्याचे कळल्यावर दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राने मला लाँचने पाठवले. मी काशिनाथच्या ओटीवर बसलो, चहा घेतला, त्याने सांगितले ते लिहून घेतले. जोमाचे घर तिथून शंभर पावलांवर होते. मी गेलो नाही. वाळीतल्या घरात पाऊल टाकले असते, तर माझ्या आईवडिलांचे घर वाळीत पडले असते. बातमी छापून आली : ‘ग्रामस्थांच्या एकजुटीने खांड बुजवली.’ तिच्यात ट्रॅक्टर हा शब्द नाही. मी ती परवा कात्रणांतून काढून पुन्हा तपासली. एकही विधान थेट खोटे नाही आणि संपूर्ण बातमी खोटी आहे. पुढे भेटलो तेव्हा जोमाने तिच्याविषयी एकच प्रश्न विचारला. “त्यात याचं नाव न्हाय, व्हय?” त्याचा हात ट्रॅक्टरच्या पत्र्यावर होता. स्वतःच्या नावाचे त्याने विचारले नाही.

बाराव्याला मी गावी गेलो. जोमा दुपारी जेवून ओटीवर टेकला तो उठलाच नाही, इतकेच मथुरावयनीने सांगितले. जेवणे उरकली आणि काशिनाथ पाटील सहा माणसांसह अंगणात आला. तो आता सरपंच आहे. ग्रामपंचायतीचे नवे कार्यालय झाले आहे, त्याच्यापुढे चौथरा बांधला आहे, आणि त्यावर जोमाचा ट्रॅक्टर लाल-हिरवा रंग देऊन ठेवायचा असा ठराव झाला आहे. खाली पाटी. पाटीचा मजकूर त्याने मला मोठ्या कौतुकाने दाखवला, कारण त्यातले शब्द माझ्या बातमीतले होते : ‘ग्रामस्थांच्या एकजुटीचे प्रतीक.’ मी म्हणालो, हे शब्द मी परत घेतो. तो हसला. “अहो, छापलेलं परत घेता येतं काय?”

त्यांनी दोरखंड आणले होते. सहा जणांनी ओढून ट्रॅक्टर हलला नाही. जोमा तो नेहमी गिअरमध्ये ठेवी, आणि गिअर कुठे असतो हे त्यांच्यातल्या एकालाही ठाऊक नव्हते. अठरा वर्षांत कोणी जवळ जाऊन पाहिले नव्हते. मग कोणीतरी म्हणाला, चालू करूनच नेऊ, हँडल द्या.

मथुरावयनी ओटीवरून उठली. काशिनाथकडे तिने पाहिले नाही. ती शेवग्याकडे तोंड करून उभी राहिली.

“शेवग्या, यांना सांग. देवलात आमच्या ओलीत तीन रेघा कमी हायत. त्या मारा. मंग हँडल घ्या.”

“वयनी, मी हितं समोर उभा हाय,” काशिनाथ म्हणाला. “झाडाशी काय बोलतेस?”

“झाडाला सवय हाय.”

“आता ती भिंत कोन बघतं?”

“मी बघतंय. रोज.”

ते दोरखंड गुंडाळून गेले.

परत जाताना मी देवळात शिरलो. भिंत तशीच आहे. सगळ्या ओळी अखंड, आमच्या घराचीसुद्धा. वडील गेल्यापासून आमच्या घरातून बांधावर कोणी जात नाही, तरी आमच्या रेघा दर फाल्गुनात न चुकता पडतात. कोण मारतो हे मी विचारले, तर पुजारी म्हणाला, सरपंच सांगतात, तुम्ही पेपरात असता म्हणून. जोमाच्या ओळीत मात्र तीन बोटे रुंद मोकळी जागा आहे. हा मजकूर छापायला जाईपर्यंत ती भरली गेलेली नाही.

हँडल दारामागच्या खुंटीला आहे. निघण्याआधी वयनीने ते काढून फडक्याने पुसले आणि माझ्या हातात दिले. मुशीच्या तेलाचा वास अजून आहे. धरायच्या जागी लोखंड झिजून गुळगुळीत झाले आहे, पण एकाच बाजूने, चार बोटांच्या बाजूने… मी ते धरले. अंगठा आपोआप बोटांशेजारी जाऊन बसला. वयनीने ते पाहिले, हँडल परत घेतले आणि खुंटीला लावले.