टचवाले, बटणवाले आणि जमिलाबाई

जमिलाबाईंना एक ई-बुक रीडर हवा होता, आणि तो न मिळायला घरातल्या एका माणसाचं ज्ञान पुरेसं होतं. जन्मभर सिल्लोडच्या शाळेत मराठी शिकवून त्या सिडकोत राहायला आल्या आणि डोळे असे मंदावले की पुस्तकातल्या ओळी एकमेकींत मिसळायला लागल्या. रीडरवर अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं, असं लेकीनं, उजमानं, फोनवर सांगितलं. झालं! नवरोबांनी, अन्सारभाईंनी, विषय अभ्यासाला घेतला.

अन्सारभाई म्हणजे वाळूजच्या कारखान्यातून निवृत्त झालेले सुपरवायझर. साधा कुकर घ्यायचा तरी बाजार पालथा घालणार. त्यांचा कौल टचस्क्रीनला. शेजारचे काकासाहेब, मूळचे पाचोडचे, कट्टर बटणवाले. रोज संध्याकाळी ओट्यावर दोघांची जुंपायची आणि चहा जमिलाबाईंनी पुरवायचा.

"टचला नुसता हात लागला तरी पान पळतं, अन्सारभाई! बटण कसं, दाबल्याबिगर हलत नाय."

"पण बटणं आता बनवतंय कोण? एका कंपनीनं काढली की दुसरी बी काढती. बाजारात लई चुरस हाय. जरा थांबा, भाव पडंल."

"व्हय, अन् तवर भाभींनी काय वाचायचं?"

तोवर अन्सारभाई वाचून दाखवत. दुपारी, जेवणं झाल्यावर. वाचन कसलं, कारखान्यातली नोटीस बरी! नदी, डोंगर, चांदणं आलं की "इथं काय घडत नाय" म्हणून सरळ गाळायचे. शिकवण्यात हयात गेलेल्या बाईनं हे ऐकायचं म्हणजे शिक्षाच. जमिलाबाई नुसत्या दातओठ खायच्या.

भाव पडला तेव्हा नवं मॉडेल आलं होतं. नवं घ्यावं तर दुसऱ्या कंपनीचं येऊ घातलं होतं. अखेर जमिलाबाईंनी दोन्ही पक्षांना न विचारता, आपल्या पेन्शनीतून, उजमाकरवी रीडर मागवला. टचचाच आला. अन्सारभाई आठवडाभर ताठ मानेनं फिरले.

जमिलाबाईंनी पहिली उघडली ती दोन बहिणींची कादंबरी. गेल्या वर्षी त्यांची थोरली बहीण महेजबीन गेली, त्या दिवसांत अन्सारभाईंनी ती वाचून दाखवली होती. आता ती चांदण्यासकट वाचायची होती. टपोरी अक्षरं बघून त्यांना लहान मुलासारखा आनंद झाला. एवढ्यात अंगठा भलतीकडं लागला आणि पुस्तक थेट शेवटच्या प्रकरणावर जाऊन थांबलं.

तिथं थोरली बहीण मेली होती.

अन्सारभाईंच्या वाचनात ती दुखण्यातून उठली होती, धाकटीशी भांडून कैरीचं लोणचं घालत बसली होती. जमिलाबाईंनी ते पान पुन्हा पुन्हा वाचलं. लोणच्याचा कुठं पत्ताच नव्हता. चांदण्याच्या दोन ओळी ज्याला जड जात होत्या, त्या माणसानं बायकोसाठी अख्खं प्रकरण मनानं रचलं होतं. त्यांना रडू आलं, आणि नवऱ्याबद्दल अशी माया दाटली की आपल्याच दातओठ खाण्याची लाज वाटली.

त्या ओट्यावर आल्या. भांडण रंगात होतं.

"भाभी, आता तुम्हीच सांगा," काकासाहेब म्हणाले. "टच बरं का बटण?"

"टच काय कामाचं नाय. पान पळतं."

काकासाहेबांनी मांडीवर थाप मारली. अन्सारभाईंचा चेहरा पडला.

"एकदम शेवटाला गेलं," जमिलाबाई नवऱ्याकडं बघत म्हणाल्या. "म्हणून दुपारचं तुम्हीच वाचत जा. अन् तुम्हाला वाटंल तसंच वाचा."

अन्सारभाईंनी चहाचे रिकामे कप उचलले आणि आत धुवायला नेले. काकासाहेब मात्र त्या दिवसापासून गल्लीभर सांगत फिरतात, की बटणवाले जिंकले.