छाती साफ होती

सत्तरच्या दशकात मी शहराबाहेर वाडीला भाड्याच्या खोलीत दवाखाना चालवत होते. मागच्या दोन खोल्यांत आमचं घर. पेशंट बहुतेक गोदामांत हमाली करणारे आणि त्यांची बायकामुलं. ट्रकांची धूळ होती, त्यामुळे खोकला बाराही महिने. त्यातला बराचसा आपोआप बरा होणारा. मी वाफ आणि तापाची गोळी सांगून परत पाठवत असे.

एका थंडीत एका हमालाची बायको दोन वर्षांच्या मुलीला घेऊन आली. नाक वाहत होतं, अंग कोमट. मी छाती दोनदा तपासली. साफ होती.

"सुई लावून द्या ना बाई."

"गरज नाही. श्वास जोरात चालला तर लगेच आण."

चौथ्या दिवशी ती आली तेव्हा मुलीच्या बरगड्या आत ओढल्या जात होत्या. न्यूमोनिया. मी पेनिसिलिन टोचलं आणि रिक्षात बसून स्वतः मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. मुलगी वाचली. आईने मला दोष दिला नाही.

"मीच उशीर केला जी," ती म्हणाली. "कालपासून धाप लागली होती. हे गावाले गेले होते, मले एकटीले सुचलं नाही."

ते ऐकून मला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. पुढे कुठलंही खोकणारं मूल टेबलावर आलं की त्या बरगड्या दिसायच्या आणि हात अँटिबायोटिक लिहून मोकळा व्हायचा. लोक खूश झाले, गर्दी वाढली. मग तर न लिहिणं आणखीच अवघड. कुणाला नुसती वाफ सांगितली की तो विचारायचा, "शेजारच्याले चिठ्ठी देल्ली, मले काहून नाही?"

पुढच्या वर्षी तीच बाई आली. मुलगी या वेळी फक्त शिंकत होती. मी चिठ्ठी लिहीत असताना माझी सहा वर्षांची लेक खोकत आतून बाहेर आली.

"तुमच्या पोरीले कोणतं औषध देऊन राहिल्या?"

"काही नाही. वाफ देते. साधी सर्दी आहे."

ती माझ्या हातातल्या चिठ्ठीकडे पाहत राहिली. "मंग हिले काहून लिहून राहिल्या जी?"

माझ्या लेकीचा श्वास मी दिवसभर ऐकू शकत होते. तिची मुलगी दाराबाहेर गेली की मला काहीच ऐकू येणार नव्हतं. हे तिला सांगायचं, तर औषध मुलीसाठी नसून माझ्या भीतीसाठी आहे, असं कबूल करावं लागलं असतं.

"ही लहान आहे," मी म्हणाले.

तिला ते पटलं. तिने चिठ्ठी घडी करून कमरेला खोचली, मुलीला कडेवर घेतलं. बाहेर बाकावर पाच-सहा जण खोकत बसले होते. मी पुढच्याला आत बोलावलं.