दुसरं ताट

माझा बाप ताट फेकायचा. कधीमधी नव्हे, आठवड्यातून दोनदा तरी, आणि नेम धरून. यवतमाळकडच्या आमच्या दोन खोल्यांत भिंतीवर वरणाचे ओघळ कायमचे होते. चुना मारला तरी त्यातून पिवळे वर यायचे. एकदा ताटाची कड आईच्या भुवईवर बसली. तीन टाके पडले. मांडणीवरून डबा पडला, असं तिनं डॉक्टरला सांगितलं. मी शेजारी उभा होतो, आठ वर्षांचा. मीही मान हलवली.

त्याच्या जेवणाच्या वेळी आई दोन ताटं वाढायची. एक त्याच्यापुढे, दुसरं चुलीमागे झाकून. पहिलं भिंतीवर गेलं की ती फरशी पुसायची, दुसरं आणून ठेवायची आणि हातात फडकं धरून उभी राहायची. ते दुसरं तो निमूट जेवायचा, वर ढेकर द्यायचा. हे असं का, म्हणून मी एकदा विचारलं. "एक त्यायच्या रागाचं, एक पोटाचं," आई म्हणाली. मी त्या दिवशी शपथ घेतली की काही झालं तरी आपण ताट फेकायचं नाही. पुढे शिकलो, पुण्याला आलो, नोकरी लागली, पण खरं सांगायचं तर आयुष्यात मला एवढंच हवं होतं. बापासारखं व्हायचं नव्हतं.

आता आम्ही बिबवेवाडीत राहतो. बायको पुण्याची, मुलगी दहा वर्षांची. शनिवारचा रात्रीचा स्वयंपाक माझ्याकडे असतो आणि त्याचा मला भारी तोरा होता. ऑफिसात, नातेवाइकांत मी तो मिरवायचो. ज्याच्या हातात उलथनं आहे तो ताट कशाला फेकेल, अशी माझी समजूत. आवाज चढायचा, दारं आपटायची. मे महिन्यात आई पंधरा दिवस आली होती, तेव्हा तिच्यादेखत मी मोबाईल भिंतीवर फोडला. पण ताट नाही. तेवढ्या एका गोष्टीवर मी स्वतःला चांगला माणूस म्हणवून घेत होतो.

त्या शनिवारी मुलीनं पास्ता मागितला, एकाच भांड्यात होणारा. मी आधीच पेटलेला होतो. कात्रजच्या चौकात पाऊण तास अडकलो होतो आणि एका रिक्षावाल्याची गचांडी धरून आलो होतो. लसूण खलबत्त्यात असा ठेचला की अर्ध्या पाकळ्या जमिनीवर. कांदा, टोमॅटो, ढोबळी मिरची, जे हाती लागेल त्यावर सुरी चालवत होतो आणि डोक्यात तो रिक्षावालाच होता. मुलगी आईच्या फोनवर कृती बघून सांगत होती की झाकण लावायचं नाही, मधून मधून हलवत राहायचं. तू जन्मायच्या आधीपासून मी खिचडी टाकतोय, असं तिला सुनावलं. बोटाच्या पेरानं पाणी मोजलं, कुकरचं झाकण दाबलं आणि दोन शिट्ट्या काढल्या. झाकण उघडलं तर आत लाल लगदा. मी वाढते, एवढंच मुलगी म्हणाली. ओट्याशी तिची जरा जास्तच वेळ खुडबुड चालली होती, मी लक्ष दिलं नाही.

बायकोनं एक घास घेतला.

"खिचडी छान झालीये. पास्ता कधी वाढतोयस?"

असले टोमणे मी लग्नापासून ऐकतोय आणि एरवी हसतो. त्या दिवशी कानशिलं तापली आणि पुढचं मला कळलंच नाही, असं म्हणणं सोपं आहे. मला कळत होतं. ताट मी दोन्ही हातांनी उचललं आणि तिच्या दिशेनं भिरकावलं. ते तिच्या कानाजवळून भिंतीवर आदळलं आणि आतला कढत लगदा तिच्या मनगटावर पडला. ती उठली, आत गेली आणि नळ सोडला.

मुलगी उठली. फडकं आणून तिनं भिंत पुसली, मग फरशी पुसली. आणि मायक्रोवेव्हमागून झाकलेलं एक ताट काढून माझ्यापुढे ठेवलं.

हे कुठून आलं, मी विचारलं.

"आजीनं सांगितलंय, एक बाबांच्या रागाचं, एक पोटाचं. ती गावी गेल्यापासून मी दर शनिवारी ठेवते."

आई मला एका शब्दानं बोलली नव्हती. मोबाईल फुटला तेव्हा तिनं फक्त काचा गोळा केल्या होत्या. मला वाटलं होतं, तिला काही कळलं नाही. तिला बापाचा मुलगा लगेच ओळखू आला होता, आणि नातीला जे उपयोगी पडेल ते शिकवून ती गावी निघून गेली. मला माझ्या हातांची किळस आली.

आत नळ वाहत होता. मुलगी फडकं हातात धरून भिंतीशी उभी होती. मला भूक लागली होती. मी खाली मान घालून ते ताट संपवलं.