मेजरचा सॅल्यूट

शेवटची पोस्टिंग मला पेन्शन सुरू झाल्यावर मिळाली. ठिकाण, जव्हारपासून अकरा किलोमीटरवर माकडांचं पुनर्वसन केंद्र. स्ट्रेंग्थ, डॉक्टर एक, मी एक, सोमी एक, माकडं नऊ. इन्फंट्रीत बावीस वर्षं काढून मी हवालदार म्हणून घरी आलो होतो. गाव खोडाळ्याजवळ, थोडा भात, थोडी नागली. दिवसभर घरात बसून मी बायकोच्या कामात चुका काढायला लागलो, तेव्हा तिनेच मला या नोकरीवर धाडलं.

काम सरळ होतं. साडेपाचला उठायचं. सहाला पिंजऱ्यांची फेरी, मोजणी, कुलपं. सातला खाणं. दहाला डॉक्टरबाईंची पाहणी. बाई घाटावरच्या, पस्तिशीच्या, मोजकं बोलणाऱ्या. सोमी शेजारच्या पाड्यावरची, पन्नाशीची. ती जंगलातून पाला, उंबरं, करवंदं आणायची. आमच्या भागात सगळ्यांना 'तू'च म्हणतात. सोमी डॉक्टरबाईंनाही 'तू' म्हणायची आणि उद्या कलेक्टर आला असता तर त्यालाही सूट मिळाली नसती.

केंद्राचे नियम दोन. माकडाला नाव ठेवायचं नाही, नंबर द्यायचा. आणि त्याच्याशी माणसासारखं वागायचं नाही. माणसाची सवय सुटली तर जंगल, नाही सुटली तर जन्मभर पिंजरा. मधला रस्ता नव्हता.

नंबर सात होळीनंतर आला. जव्हारच्या बाजारात एक मदारी त्याचा खेळ करत होता, वनखात्याने माकड ताब्यात घेतलं. मी आणायला गेलो तेव्हा मदारी कचेरीच्या पायरीवर रडत बसला होता. म्हणाला, "साब, मेजर नाम है उसका. मेरे हाथ से ही खाता है."

माकडाच्या अंगात हिरवा शर्ट होता, खांद्यावर पितळी बटणं. बावीस वर्षांत मी हवालदाराच्या वर गेलो नाही आणि हे बेणं थेट मेजर. मला हसू आलं. केंद्रावर आणून पिंजऱ्याचं दार लावलं, तसा तो दोन पायांवर उभा राहिला आणि त्याने उजवा हात कपाळाला नेला. कडक सॅल्यूट. मी हसत पाहत राहिलो. मग माझं हसू थांबलं, कारण त्याचा हात खाली येईना. हात थरथरायला लागला तरी येईना.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनी एक्स-रे दाखवला. उजव्या हाताचं हाड दोन ठिकाणी मोडून वाकडं जुळलेलं.

"समोरच्याने उत्तर देईपर्यंत हात धरून ठेवायला शिकवलंय," त्या म्हणाल्या. "आधी उतरवला की काठी."

आमच्या ड्रिलमध्ये एक-दोन-तीन मोजायचं आणि हात खाली आणायचा. ते मोजणं त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

"फौजी, तुम्ही उत्तर द्यायचं नाही. कधीच नाही. मिळत नाही म्हटल्यावर तो सोडून देईल."

"येस मॅडम."

ऑर्डर सोपी वाटते. पण सॅल्यूट आला आणि उत्तर दिलं नाही, असं मी नोकरीत एकदाही केलेलं नव्हतं. मी एक पळवाट काढली. लष्करात डोक्यावर टोपी नसेल तर हाताने सॅल्यूट करत नाहीत. म्हणून मी केंद्रात उघड्या डोक्याने फिरायला लागलो, एप्रिलच्या उन्हातही. सोमी म्हणायची, "डोकं शिजल तुझं." मी कारण सांगितलं तेव्हा ती हसली नाही.

रोज सातला मी खाणं ठेवायचो, तो उभा राहायचा, मी पाठ फिरवून निघून जायचो. वळणावरून चोरून पाहिलं तर हात तसाच. पहिले दोन महिने हे फार जड गेलं. मग हात थोडा लवकर खाली यायला लागला. जुलैच्या अखेरीस त्याने सॅल्यूट सोडला. डॉक्टरबाईंनी त्याला इतर तिघांबरोबर मोठ्या जाळीत हलवलं. तो त्यांच्या उवा काढायला लागला, आपल्या काढू द्यायला लागला. रजिस्टरमध्ये मी लिहिलं, 'नंबर सात, प्रगती समाधानकारक.'

पंधरा ऑगस्टला आश्रमशाळेत झेंडावंदनाला बोलावणं होतं. ब्लेझर, मेडल्स, बेरे टोपी, सगळं चढवून गेलो. परत यायला उशीर झाला. माकडं उपाशी होती, म्हणून कपडे न बदलता तसाच खाणं घेऊन जाळीपाशी गेलो.

नंबर सातने मेडल्स पाहिली. खाणं सोडून उभा राहिला. हात कपाळाला.

माझाही हात वर गेला. मी नेला नाही, तो गेला. त्याने लगेच आपला हात खाली घेतला आणि अगदी समाधानाने केळं उचललं. पाच महिन्यांत त्याला पहिल्यांदा उत्तर मिळालं होतं.

दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा सॅल्यूट केला. मी उघड्या डोक्याने पाठ फिरवली. तीन दिवसांत ते बंद झालं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणून मी गप्प बसलो. डॉक्टरबाईंना सांगितलं नाही, रजिस्टरमध्ये लिहिलं नाही. चूक केलेला जवान मी माफ केला आहे, चूक दडवलेला नाही. स्वतःला मात्र सवलत दिली.

पाऊस उघडून रान सुकल्यावर चौघांना मोखाड्याच्या बाजूच्या जंगलात सोडलं. मी समोरच्या डोंगरावर ओपी लावली, म्हणजे लपून पाहायची जागा. दुर्बीण, वॉकीटॉकी, भाकरी. सोमी खाली ओढ्यापाशी, दुसऱ्या सेटवर. नऊ दिवस चौघं एकत्र राहिली. नंबर सात उंबरावर सगळ्यात वर बसायचा. त्याला तसा पाहून मला बरं वाटायचं, हे कबूल करतो.

दहाव्या दिवशी दहा चाळीसला टोळी सरकत घाटरस्त्याच्या वळणावर आली. माझ्यात आणि रस्त्यात अख्खी दरी. उतरून चढायला अर्धा तास.

एक मोटार थांबली. नंबर सात झाडावरून उतरला, डांबरावर उभा राहिला आणि सॅल्यूट केला. खिडकीतल्या माणसाने हसत उलट सॅल्यूट ठोकला, वेफर्स फेकली आणि मोटार गेली.

"सोमी, सात नंबर रस्त्यावर आहे. पळ. ओव्हर."

"निघाली मी. लांब हाय रं."

तेवढ्यात खालून ट्रकचा आवाज आला. चढावर, लोअर गिअरमध्ये. बाकीची तिघं झाडावर गेली. नंबर सात आवाजाकडे वळला आणि रस्त्याच्या मधोमध हात कपाळाला लावून उभा राहिला.

"सोमी, कुठे आहेस?"

"नाय पोचत मी, फौजी. नाय पोचत."

मी ओरडलो. दरीत आवाज विरला. तो मला दुर्बिणीत स्पष्ट दिसत होता, बोटंसुद्धा. मी त्याला दिसत नव्हतो. हे ठाऊक असूनही मी उभा राहिलो आणि उघड्या डोक्याने सॅल्यूट केला. उत्तर मिळालं असतं तर त्याने हात उतरवला असता आणि बाजूला झाला असता. मी हात तसाच धरून ठेवला. ट्रक वळणावर आला.

ड्रायव्हरचा दोष नव्हता. वळण आंधळं, त्याने ब्रेक मारला. खाली उतरून तो डोकं धरून बसला. मी पोचलो तेव्हा सोमीने नंबर सातला कडेला घेऊन त्याच्यावर पळसाची पानं टाकली होती.

संध्याकाळी पंचनामा झाल्यावर मी डॉक्टरबाईंना पंधरा ऑगस्टचं सांगितलं. त्यांनी रजिस्टर उघडून ऑगस्टचं पान काढलं. मग म्हणाल्या, "त्याच दिवशी सांगितलं असतं, तर मी त्याला या वर्षी सोडलं नसतं." त्यांनी आवाज चढवला असता तर मला सोपं गेलं असतं.

पलटणीत माझे दोन साथीदार गेले. दोन्ही वेळा मी रात्ररात्र माझी चूक शोधली, सापडली नाही. इथे शोधावी लागली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला, खाण्याच्या वेळी, परवानगी घेऊन त्याला केंद्राच्या हद्दीत पुरलं. सोमीने मूठभर तांदूळ टाकले. डॉक्टरबाई हात बांधून उभ्या होत्या. मला काय करावं कळेना.

सोमी म्हणाली, "टोपी आण ना तुझी."

मी खोलीत जाऊन बेरे घालून आलो. सावधान झालो, सॅल्यूट केला. एक-दोन-तीन मोजलं. हात खाली येईना. पुन्हा मोजलं. डॉक्टरबाई निघून गेल्या, पिंजऱ्यातली माकडं खाण्यासाठी ओरडायला लागली, तरी मी तसाच.

"ठेव आता," सोमी म्हणाली. "तो नाय देणार."

मग तिनेच माझं मनगट धरलं आणि हात खाली आणला.