कडी लावला नाही

मी लॅबवाली बाई. सगळी नोकरी इंग्लंडमधल्या एका हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये झाली. दोनदा तपासल्याशिवाय रिपोर्ट पुढे पाठवायचा नाही, हा आता स्वभावच झालाय. कुणी भुतंखेतं, दृष्ट, अंगात येणं असलं काही सांगायला लागलं की मी चहा ठेवायला उठते. या सदरातले अनुभवही आजवर हसत हसतच वाचले, लिहिणाऱ्यांनी राग मानू नये. पण एका दुपारचं कोडं मला इतक्या वर्षांत सुटलेलं नाही... म्हणून हा खटाटोप.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. आम्ही हॅरोमध्ये राहत होतो — मी, माझा नवरा श्रीकांत आणि सात वर्षांची सायली. घरामागे लांबट बाग, टोकाला लाकडी कुंपण आणि पलीकडे मेट्रोपॉलिटन लाइनचे रूळ. रुळांच्या उतारावर काटेरी झुडपं माजलेली आणि त्यात कोल्हे. खोटं वाटेल, पण लंडनच्या भरवस्तीत कोल्हे राहतात आणि दिवसाढवळ्या लोकांच्या बागांतून हिंडतात. मे महिन्यात पिल्लं मोठी व्हायला लागली की मग विचारूच नका. कोल्हा काकडीला राजी म्हणतात, पण हॅरोच्या कोल्ह्यांनी ती म्हण ऐकलेली नव्हती.

सायलीकडे ससा होता. पांढरा, गोल, म्हणून नाव लाडू. पोरगी एकटी, शाळेत फारशा मैत्रिणी नाहीत. घरी आली की दिवसभराचं सगळं त्याला सांगायची, तेही मराठीत. तिचं मराठी म्हणजे काय सांगू! इथे जन्मलेल्या मुलांना तो-ती-तेचा पत्ता नसतो. "आई, लाडूला भूक लागला." "माझा चप्पल कुठे गेला?" मी सुधारायची, ती पुन्हा तेच म्हणायची. श्रीकांत म्हणायचा, "बोलतेय ना? बोलू दे."

लाडूचा पिंजरा बागेत होता. लाकडी, पुढे जाळीचं दार आणि दाराला सरकवायची कडी. ती कडी हे सायलीचं खातं होतं, आणि ती ते चोख सांभाळायची.

एका सकाळी शाळेची घाई होती. तिने सशाला खायला घातलं, कडी लावली आणि बूट घालायला आत गेली. माझ्या हातात कोबीची पानं होती, म्हणून मी दार परत उघडून ती आत टाकली. तेवढ्यात फोन वाजला. त्या काळी अशा अवेळी फोन म्हणजे पुण्याहून, आणि पुण्याचा फोन म्हणजे कुणीतरी जन्मलं नाहीतर कुणीतरी गेलं. मी धावत आत गेले. भावाचा फोन होता, त्याला त्याचा नवीन नंबर द्यायचा होता! कडी राहिली ती राहिलीच.

दुपारी आम्ही दोघी घरी आलो तेव्हा पिंजऱ्याचं दार सताड उघडं होतं आणि गवतावर पांढऱ्या केसांचे पुंजके. बाकी काही नाही.

श्रीकांत संध्याकाळी येऊन दार बघून म्हणाला, "कडी मोडलेली नाहीये. उघडीच राहिली असणार. कोणी ठेवली?"

मी तोंड उघडायच्या आत सायली म्हणाली, "मी."

मला सगळं लख्ख आठवत होतं — कोबी, फोन, सगळं. तरी मी मूग गिळून बसले. लाज वाटली. वाटलं, उद्या सांगू. उद्याचा परवा झाला आणि परव्याचे महिने. श्रीकांत जेवताना तिला समजावायचा, "अगं, चुका होतात माणसाकडून." ती खाली मान घालून ऐकायची आणि मी शेजारी बसून पोळीला तूप लावत असायची. पोटच्या पोरीच्या डोक्यावर मी माझा गुन्हा ठेवला होता.

पुढच्या वर्षी आम्ही दुसरा ससा आणला. सायली आधी नकोच म्हणाली, मग म्हणाली, "ओके, पण कडी मीच बघणार." मला वाटलं, प्रायश्चित्त घेतेय बिचारी. त्याचं नाव पेढा ठेवलं.

आणि माझा जीव टांगणीला लागला. दुधाने तोंड पोळलं की ताक फुंकून पितात, मी तर पाणीसुद्धा फुंकत होते. दिवसातून दहादा खिडकीशी जायचं. लॅबमध्ये कामात असले तरी मन त्या कडीपाशी. हाही ससा गेला तर पोरगी पुन्हा "मी" म्हणेल, हीच धास्ती. त्या वर्षी कोल्हीण शेजारच्या डोरोथीच्या शेडखालीच व्यायलेली. डोरोथीचा सल्ला तयार होता — पिंजऱ्याभोवती पुरुषाची लघवी शिंपडायची, कोल्हे फिरकत नाहीत. मी रात्रीच्या जेवणाला हे श्रीकांतला सांगितलं. तो म्हणाला, "मी पीएच.डी. केलीय, आणि तू मला बागेत..." पुढे बोलवेना त्याला. शेवटी त्याने दुसरा उपाय काढला. माळ्यावर सायलीचा जुना बेबी मॉनिटर होता, बाळ रडलं की दुसऱ्या खोलीत ऐकू येणारा. त्याचा एक डबा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पिंजऱ्याच्या छताला आतून टांगला, आवाज ऐकायचा दुसरा डबा किचनच्या खिडकीत.

पहिले काही दिवस त्यात नुसतं गवत चावल्याची कुरकुर यायची. एकदा कुठल्यातरी टॅक्सीवाल्याचं वायरलेसवरचं बोलणं घुसलं, तेव्हा आम्ही खूप हसलो.

बुधवारी मला सुट्टी असायची. त्या बुधवारी अडीचच्या सुमाराला मी पोळ्या लाटत होते. मॉनिटरवर पेढ्याची कुरकुर चालू होती. ती एकदम थांबली. मग धप्प... धप्प. ससा घाबरला की मागचा पाय असा आपटतो. आणि मग, अगदी जवळून, एक बाई बोलली.

"आई, कडी लावला नाही."

ओरडून नाही. घाबरूनही नाही. बाहेर पडताना कुणी मागे वळून आठवण करून द्यावी तसं. मोठ्या बाईचा आवाज, तिशी-पस्तिशीचा असावा.

मी लाटणं हातात घेऊनच धावले. पिंजऱ्याचं दार वीतभर उघडं होतं आणि कोल्हीण मागच्या पायांवर उभी राहून त्यात नाक घालत होती. मी "हाड! हाड!" करून ओरडले. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं, हलली नाही. मी लाटणं फेकलं, ते डोरोथीच्या शेडवर आदळलं, तेव्हा कुठे ती कुंपणाखालून गेली. पेढा मागच्या कोपऱ्यात चिकटून बसला होता. हात लावला तर त्याचं काळीज माझ्या तळव्याखाली धडधडत होतं, आणि माझं माझ्या कानात.

बारा वाजता मी त्याला कोथिंबिरीच्या काड्या घातल्या होत्या. दिवसाला दहादा कडी तपासणारी मी, तीच कडी पुन्हा विसरले होते.

आसपास कुणीच नव्हतं. मी कुंपणावरून वाकून पाहिलं, शेडमागे पाहिलं. पिंजऱ्यात तोंड घालून "कोण आहे?" असंही विचारलं. किचनच्या खिडकीतून माझाच आवाज परत आला, "कोण आहे?"

नंतर श्रीकांतने फ्रीक्वेन्सी समजावली. दुसऱ्या कुणाचा मॉनिटर, नाहीतर कॉर्डलेस फोन. ठीक आहे. पण त्या डब्याची मजल दोन-चार घरांपलीकडे नव्हती. एका बाजूला डोरोथी, दुसऱ्या बाजूला गुजराती कुटुंब, रस्त्यावर मराठी घर आमचं एकच. आणि सायली त्या वेळी शाळेत होती, हे तिच्या टीचरला मी स्वतः विचारलं. मला खरं छळतो तो एक शब्द — "लावला." आपल्याकडून आलेली बाई "लावली" म्हणेल. असं मोडकं मराठी बोलायची ती आमची इथे जन्मलेली मुलं, आणि आमच्या ओळखीतली ती सगळी तेव्हा प्रायमरी शाळेत होती. तसं बोलणारी तिशीची बाई तेव्हा माझ्या माहितीत एकही नव्हती.

आता आहेत. सायलीच आता त्या वयाची आहे. तुम्ही काय विचारणार ते मला कळतं... पण एकदाच, मॉनिटरच्या खरखरीतून ऐकलेलं एक वाक्य. मी छातीठोकपणे हो म्हणू शकत नाही, आणि नाही म्हणायचंही धाडस होत नाही.

त्या दिवशी सव्वातीनला मी तिला शाळेतून आणायला गेले. फाटकापासून घरापर्यंत दहा मिनिटांची वाट. अर्ध्या वाटेत मी थांबले आणि एका दमात सांगून टाकलं, "सायली, लाडूच्या वेळी कडी तू नाही विसरलीस. मी विसरले होते."

ती लंचबॉक्स हलवत चालत होती, तशीच चालत राहिली.

"I know, आई. मी बघितला. विंडोमधून. फोन वाजला आणि तू पळाली."

"अगं, मग 'मी' का म्हणालीस बाबाला?"

तिने खांदे उडवले. "तू काहीच बोलली नाही. मला वाटला, तू घाबरली."

मी तिथे फुटपाथवर, येणाऱ्याजाणाऱ्या आयांसमोर, तिला धरून रडले. घाबरलेच होते मी. सात वर्षांच्या पोरीला ते त्याच संध्याकाळी कळलं होतं आणि वर्षभर ती ते एकटी सांभाळत होती. त्या दुपारी मला हाक मारणारी बाई कोण होती, ते मात्र मला अजूनही कळलेलं नाही.