गणपती ड्युटीचा गट

सोसायटीच्या दिवाळी अंकासाठी आपल्यातल्या एखाद्या माणसावर लिहून द्या, असं सेक्रेटरी म्हणाले. दूधवाल्याच्या चिठ्ठीपलीकडे माझ्या हातून फारसं लिहून होत नाही, त्यामुळे जमेल की नाही कोण जाणे. पण माणूस डोळ्यांसमोर आहे. माझ्या समोरच्या फ्लॅटमधली नबीला मुकादम.

नबीला न्हावा शेवा बंदराजवळच्या एका कंटेनर यार्डाच्या मदतकक्षात आहे. ट्रेलरवाला गेटवर अडला की फोन करतो, ती त्याची तक्रार कॉम्प्युटरवर नोंदवते. त्या नोंदीला तिकीट म्हणतात. तिकीट ज्या गटात पडेल, त्या गटातल्या माणसांना ते दिसतं आणि ती ते सोडवतात. घरून काम असलं की ती लॅपटॉप घेऊन माझ्याकडे येते, कारण तिच्याकडे भाच्यांचा गोंधळ आणि माझ्याकडे नुसता पंखा. तिचा आवाज मोठा आहे. जिन्यात दोघांनी मला तसं सुचवलंही आहे.

गेल्या महिन्यात ती आली ती धुसफुसतच.

"काका, दिवाळीनंतर ड्रायव्हरांचा फोन बंद करणार. मशीन बोलणार म्हणे. एक दाबा, दोन दाबा."

"का गं?"

"रिपोर्टमध्ये ड्रायव्हरांची तक्रारच नाही. शून्य! मग मी दिवसभर बोलते कोणाशी, भुतांशी?"

तिने रिपोर्टमागची क्वेरी उघडली. क्वेरी म्हणजे कॉम्प्युटरला विचारलेला प्रश्न, हे तिनेच मला समजावलं. या महिन्याची, न सुटलेली, 'चालक मदत' गटातली तिकिटं दाखव. उत्तर रिकामं. तिने महिन्याची अट काढली. तरी रिकामंच. 'न सुटलेली' काढलं, तर गणपतीच्या आधीची सुटलेली आली, पुढचं एकही नाही. शेवटी गटाची अट काढली आणि पडदा भरून गेला. मी चष्मा पुसून पाहिलं. ओळीमागून ओळ, गटाचं नाव 'गणपती ड्युटी'.

नबीलाने कपाळावर हात मारला.

गणपतीत यार्डातली निम्मी माणसं कोकणात जातात. तेव्हा नबीला थांबते आणि ईदला ती माणसं तिचं काम सांभाळतात. हा त्यांचा आपसातला शिरस्ता. यंदा गावी निघताना तिचे साहेब, ऋषी, यांनी तिच्या एकटीसाठी वेगळा गट केला आणि ड्रायव्हरांच्या सगळ्या तक्रारी तिकडे वळवल्या. परत आल्यावर ते सरळ करायचं राहिलं. तिला स्वतःच्या नावावरची तिकिटं दिसत होती, म्हणून तिला पत्ता नाही. पण ती सोडवणारे, म्हणजे गेट आणि कस्टमचं बघणारे बाकीचे, 'चालक मदत' उघडत आणि रिकामं बघून खूश होत.

"बाप्पा गावाला गेले, ग्रुप अजून मखरात बसलाय," ती म्हणाली. आणि साहेबांना फोन लावला. स्पीकरवर, त्यामुळे मलाही ऐकू आलं.

"अरे यार, माझंच राहिलं," ऋषी म्हणाले. "टेन्शन नको. तू ती सगळी क्लोज मार, मग मी ग्रुप उडवतो. विषय संपला."

"सर, त्यातली कित्येक सुटलीच नाहीत. शिवराम म्हणून एक आहेत, त्यांचा ट्रेलर परवापासून पासाच्या भानगडीत बाहेर उभा आहे."

"कळतं गं. पण वर एवढी पेंडिंग दिसली तर माझी वाट लागेल. हे बघ, तुला एक्स्पोर्टच्या डेस्कवर घेतो. शनिवारी सुट्टी."

मी कपबशी धरून उभा होतो. तिच्या जागी मी असतो तर शनिवार घेतला असता.

"ज्याचं काम झालं नाही, त्याचं तिकीट मी बंद करणार नाही."

"नबीला, ऑर्डर समज."

"मग मेलवर लिहून द्या. तोंडी कशाला?"

फोन कट.

दुपारी ऋषींच्याही वरच्या नंदिनी मॅडमबरोबर लॅपटॉपवरच मीटिंग होती. फोन बंद करायचं त्यांनीच ठरवलेलं. ऋषींनी शून्य वाचून दाखवलं.

"मॅडम, रिपोर्टचा प्रश्नच अर्धा आहे," नबीला म्हणाली. "मी स्क्रीन दाखवते."

"हे आपण नंतर बोलू, नबीला," ऋषी मध्येच म्हणाले.

"नंतर फोन बंद झालेला असेल, सर."

तिने क्वेरीत दोन्ही गट घातले आणि चालवली. शून्याच्या जागी पडदाभर ओळी आल्या.

"हे गणपतीपासूनचं आहे?" मॅडमचा आवाज चढला. "आणि तू आज सांगतेस?"

"आज कळलं, म्हणून आज सांगतेय. माझे गट मी तपासायला हवे होते, तेवढं माझं चुकलं. पण ही माणसं उन्हात उभी आहेत, मॅडम. फोन बंद करायचाच तर करा. शून्य म्हणून नका करू."

ड्रायव्हरांचा फोन चालू राहिला. तिकिटं मूळ गटात आली, त्याच संध्याकाळी शिवरामचा ट्रेलर आत गेला. शनिवारची सुट्टी अर्थातच गेली आणि ऋषींनी तिला पूर्ण दिवाळीची ड्युटी लावली.

"करते," तिने त्यांना सांगितलं. "पण नवीन ग्रुप काढायचा नाही. मी 'चालक मदत'मध्येच बसणार."

तेव्हा दिवाळीत माझ्या घरातून कोणी मोठ्याने बोलताना ऐकू आलं, तर जिन्यातल्या मंडळींनी तक्रार घेऊन माझ्याकडे येऊ नये. मी तिला हळू बोल म्हणणार नाही.